‘ॲबस्कोपल’ आणि वरुणाचे हेर

प्रश्न असा आला आहे: कर्करोगाच्या एका गाठीला रेडिएशनचा शेक दिला आणि शेक न दिलेली दुसरीकडची गाठही आकसली, तर डॉक्टर त्याला ‘ॲबस्कोपल इफेक्ट’ म्हणतात. मराठीत ‘दूरस्थ परिणाम’ म्हटलं तर चालेल का?

आधी तो ‘शेक’ काढून टाका. हा शब्द ऐकला की मला राहवत नाही. शेकात ऊब असते, किरणोपचारात ती जवळजवळ नसतेच. नेहमीच्या पद्धतीत एका वेळी साधारण २ ग्रे मात्रा देतात. ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल. एवढ्या ऊर्जेनं तिथलं तापमान एका अंशाच्या सुमारे दोन हजाराव्या भागानं वाढतं. कपाळावर नुसता हात ठेवला तरी याहून जास्त ऊब लागते. पुढे कातडी लाल होते, सोलवटते, ती भाजल्यामुळे नव्हे. किरणांनी पेशींतला डीएनए तोडल्यामुळे. ‘शेक’ म्हटलं की गाठ वितळवतात असं चित्र उभं राहतं, आणि मग लांबची गाठ कशी आकसली हे कधीच कळत नाही. ‘किरण दिले’ म्हणा.

आता ॲबस्कोपल. १९५३ साली आर. एच. मोल या ब्रिटिश संशोधकानं हा शब्द घडवला. लॅटिन ‘आब’ म्हणजे पासून दूर. ग्रीक ‘स्कोपोस’ म्हणजे नेम धरायची खूण. पण ‘स्कोपोस’चा आणखी एक अर्थ आहे: पाहणारा, टेहळणी करणारा. जो पाहतो तो आणि जिथे नजर लावायची ती खूण, दोन्हींना एकच शब्द. आपल्याकडे ‘लक्ष’ आणि ‘लक्ष्य’ यांचं नातं असंच आहे.

या शब्दाचं मूळ ‘स्पेक्’. ग्रीकांनी त्यातल्या प आणि क यांची अदलाबदल केली, जशी आपण बोलताना ‘नुकसान’चं ‘नुस्कान’ करतो. लॅटिननं जुना क्रम राखला, म्हणून ‘स्पेक्ट्रम’. आणि संस्कृतात तोच धातू ‘स्पश्’. आपला रोजचा ‘स्पष्ट’ त्यातूनच आला, म्हणजे नीट दिसलेला. मायक्रोस्कोपमधला ‘स्कोप’ आणि ‘स्पष्ट’ हे सख्खे चुलतभाऊ आहेत! ‘पश्यति’ हा दृश् धातूचा आदेश, म्हणजे त्याच्या जागी येणारं रूप, असं पाणिनी सांगतो आणि संस्कृतचे शिक्षक आजही तेच घोकून घेतात. रूपं साधायला ते सोयीचं आहे, पण व्युत्पत्ती म्हणून साफ चूक. ‘पश्यति’ या स्पश्‌चाच; दृश्‌चा त्याच्याशी वंशसंबंध नाही.

आणि ‘स्पश’ म्हणजे हेर. ऋग्वेदात वरुणाबद्दल म्हटलंय, ‘परि स्पशो नि षेदिरे’: त्याचे हेर सभोवार बसले आहेत. मोल यांच्या मनात हे नसणार, पण शब्दानं काम चोख केलं आहे, कारण लांबची गाठ आकसते ती हेरांमुळेच. किरणांनी मरणाऱ्या कर्कपेशी धोक्याच्या खुणा बाहेर टाकतात. डेंड्रिटिक पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या टेहळ्या, त्या पेशींचे तुकडे उचलतात, जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि टी पेशींना, म्हणजे हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात: हा चेहरा ओळखून ठेवा. मग त्या टी पेशी रक्तावाटे अंगभर फिरतात आणि तोच चेहरा जिथे दिसेल तिथे हल्ला करतात. टी पेशी नसलेल्या उंदरांत हा परिणाम दिसलाच नाही.

म्हणून ‘रेडिएशननं प्रतिकारशक्ती मरते’ हे सरसकट वाक्यही मला खटकतं. लिम्फोसाइट पेशी (टी पेशी त्यांतल्याच) किरणांपुढे फार नाजूक असतात, त्या मरतात, हे खरं. किरणांनंतर गाठीभोवती प्रतिकार दडपणारे संकेतही वाढू शकतात. पण त्याच किरणांनी हेरांच्या हाती पुरावाही पडतो. एकाच उपचाराची ही दोन टोकं आहेत, आणि नुसत्या किरणांनी दुसरं टोक जड झाल्याचं क्वचितच दिसतं: १९६९ ते २०१४ या काळातल्या नोंदी एका आढाव्यात गोळा केल्या, तर त्या ४६ भरल्या.

‘दूरस्थ’ मला अजिबात पटत नाही. तो अंतर सांगतो; मोल यांचा शब्द नेम सांगतो. शिवाय कर्करोग दुसऱ्या अवयवात पसरला की ‘दूरस्थ प्रसार’ म्हणतातच. रोगाचं पसरणं आणि रोगाचं हटणं, दोन्हींना एकच विशेषण लावलं तर वाचणाऱ्यानं काय समजायचं?

माझा शब्द ‘अपलक्ष्य परिणाम’. लॅटिन ‘आब’ आणि संस्कृत ‘अप’ एकाच घरचे. ‘लक्ष्य’ आणि ‘स्कोपोस’ एकाच अर्थाचे. ‘अप’ लागला की अपयश, अपमान आठवतात असा आक्षेप मी ऐकला आहे. तो घेणाऱ्यांनी पंचमी आठवावी. ‘झाडावरून पान पडलं’ यातल्या झाडाला अपादान म्हणतात, त्यात काय वाईट आहे? तिथला ‘अप’ फक्त ‘पासून दूर’ एवढंच सांगतो, आणि लॅटिन व्याकरणातल्या पंचमीच्या नावातही ‘आब’ आहेच.

२०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या एका रुग्णाची हकीकत आली. इपिलिमुमॅब हे प्रतिकारयंत्रणेचा ब्रेक काढणारं औषध चालू असूनही रोग वाढत होता. तेव्हा मणक्यालगतच्या गाठीला किरण दिले. ती हकीकत मी अशी लिहीन: ‘किरण मणक्यालगतच्या गाठीला दिले, प्लीहेतल्या गाठीही आकसल्या, हा अपलक्ष्य परिणाम.’