काळाचा एस्टिमेट कुठे आहे?

तुमची पोस्ट दोनदा वाचली. पीएच.डी.चं चौथं वर्ष, एका नॉनलिनियर पॅराबोलिक (उष्णता पसरण्यासारखं, काळाबरोबर बदलणाऱ्या) समीकरणाच्या वीक सोल्यूशनचं (इंटिग्रलच्या रूपात तपासायच्या उत्तराचं) अस्तित्व गॅलेर्किनच्या पद्धतीने (एन मितींतली अंदाजी उत्तरं यू-एन काढायची आणि एन वाढवत न्यायचा) सिद्ध केलंय, नऊ महिन्यांनी पेपर परत आला आणि रेफरीचा एकच प्रश्न आहे: चौथ्या पायरीत स्ट्राँग कन्व्हर्जन्स (यू-एन आणि लिमिट यांच्यातला फरक नॉर्ममध्ये शून्याकडे जाणं) कुठून आणलंत? तुमचे गाइड म्हणतात, रेलिखच्या प्रमेयाचा (ग्रेडियंटसकट बाउंडेड क्रमातून स्ट्राँगली कन्व्हर्ज होणारा सबसिक्वेन्स निघतो) हवाला देऊन एक ओळ टाका आणि परत पाठवून द्या. एवढ्यावर भागेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही भागणार. हीच ओळ मीही टाकली होती आणि तिच्यापायी माझी जवळजवळ दोन वर्षं गेली. म्हणून एवढं लांब लिहायला बसले. तुमचा पेपर मी पाहिलेला नाही, समीकरणही तुम्ही पूर्ण दिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हाला लागू होणार नाहीत. माझं कामही अस्तित्व आणि युनिकनेसपुरतंच आहे. न्यूमरिकलवाली मंडळी कदाचित वेगळं सांगतील.

माझी ओळ मला अजून पाठ आहे (एल-टू म्हणजे ज्यांच्या वर्गाचं इंटिग्रल मर्यादित अशी फंक्शन्स, एच-वन म्हणजे ज्यांचा ग्रेडियंटही तसाच): "जवळजवळ प्रत्येक टी साठी यू-एन(टी) हा क्रम एच-वनमध्ये बाउंडेड आहे, म्हणून रेलिखनुसार त्याचा एक सबसिक्वेन्स एल-टूमध्ये स्ट्राँगली कन्व्हर्ज होतो." वाचताना कुठे खटकत नाही. माझा पहिला पेपर इलिप्टिक (म्हणजे काळ नसलेल्या) समीकरणांवर होता, तिथे हे वाक्य रोजचं. हात सवयीने चालला.

यात चुका दोन. एनर्जी एस्टिमेट (समीकरणाला उत्तरानेच गुणून मिळणारी मर्यादा) तुम्हाला ग्रेडियंटच्या वर्गाचं काळावरचं इंटिग्रल देतो, एका ठरावीक क्षणाचा बाउंड देत नाही. ही चूक फातूच्या लेमाने निभावून नेता येते, म्हणून तिचं एवढं वाटत नाही. खरी मेख दुसरी. रेलिख देतो तो सबसिक्वेन्स टी वर अवलंबून असतो. या क्षणाला एक, त्या क्षणाला दुसरा. क्षण अगणित. सगळ्यांना मिळून चालेल असा एक सबसिक्वेन्स कोणी दिला? कोणीच नाही. मी "एक" लिहिलं आणि पुढे गेले, माझ्या सहलेखकानेही ते तसंच वाचलं.

मला हे कळलं ते बंगळुरूच्या एका कार्यशाळेत, माझं भाषण चालू असताना. पुढच्या रांगेत बसलेल्या एका वयस्कर गणितज्ञांनी हात वर केला, उठून आले, माझ्या हातातला खडू मागितला आणि फळ्याच्या कोपऱ्यात एकच ओळ लिहिली: यू-एन म्हणजे साइन एन-टी गुणिले साइन एक्स. एक्स ० ते पाय, टी ० ते दोन पाय. म्हणाले, "हिच्यावर तुमची चौथी पायरी चालवून दाखवा."

तुम्हीही आत्ता कागद घ्या आणि करून बघा. ग्रेडियंटच्या वर्गाचं इंटिग्रल प्रत्येक एन साठी पाय-वर्ग भागिले दोन, अगदी तेवढंच. म्हणजे क्रम एल-टू(एच-वन) मध्ये (काळात एल-टू, अवकाशात एच-वन) छान बाउंडेड आहे. वीक लिमिट (नुसत्या सरासऱ्यांतून दिसणारी) शून्य, रीमान-लेबेगच्या लेमानुसार. आता वर्ग करा. यू-एन चा वर्ग शून्याकडे जात नाही, तो साइन-वर्ग एक्सच्या निम्म्याकडे वीकली जातो. नॉनलिनियर टर्म म्हणून साधा वर्ग घेतला, तरी शून्याचा वर्ग अर्धा साइन-वर्ग, असं काहीतरी हाती येतं! प्रत्येक क्षण सुटा घेतला तर क्रम उत्तम वागतो, एच-वनमध्ये बाउंडेड असतो. पण काळाच्या दिशेने तो थरथरतोय, आणि माझ्या सिद्धतेत त्या थरथरीला अडवणारं काहीच नव्हतं. टाइम डेरिव्हेटिव्ह काढा: एन गुणिले कोसाइन एन-टी गुणिले साइन एक्स. एन वाढला की तीही वाढते. सगळी गोम तिथेच आहे.

तेव्हा पॅराबोलिकमध्ये हे मनावर कोरून ठेवा. काळ ही अवकाशाची आणखी एक मिती नाही. अवकाशातला एस्टिमेट काळाबद्दल अवाक्षर बोलत नाही, काळाचा एस्टिमेट वेगळा काढावा लागतो, आणि तो समीकरणातूनच येतो. ऑबाँचं १९६३ चं काम, लिओंस यांचं त्यानंतरचं, आणि सिमॉन यांचा १९८७ चा लेख, सगळे हेच सांगतात. सिमॉन यांचा लेख मुळातून वाचा, वर्गातल्या टिपणांवर जाऊ नका. पूर्ण टाइम डेरिव्हेटिव्ह नसली तरी टी पासून टी अधिक एच पर्यंतचा फरक, एच लहान होताना, सगळ्या एन साठी एकसारखा लहान होतो एवढं दाखवलं तरी चालतं, हे तिथे नीट दिसतं.

साध्या केसमध्ये काय करायचं ते तुम्हाला माहीत असणार, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त गॅलेर्किनमध्ये एक सापळा आहे, तो मुद्दाम सांगते. "समीकरणावरून यू-एन ची टाइम डेरिव्हेटिव्ह एच मायनस वनमध्ये बाउंडेड आहे" असं सगळे सर्रास लिहितात (एच मायनस वन म्हणजे एच-वनची ड्युअल स्पेस). पण यू-एन चं समीकरण फक्त तुमच्या एन मितींच्या सबस्पेसमधल्या टेस्ट फंक्शन्ससाठी (समीकरणाला ज्यांनी गुणून तपासतो त्यांच्यासाठी) खरं आहे. एच-वनमधलं कुठलंही टेस्ट फंक्शन घ्यायचं तर आधी ते त्या सबस्पेसवर प्रोजेक्ट करावं लागतं, आणि एल-टूचं प्रोजेक्शन एच-वनचा नॉर्म फुगवत नाही हे कोणी सांगितलं? बेसिस म्हणून डिरिश्ले लाप्लासियनची आयगनफंक्शन्स घेतलीत तर ते आपोआप जमतं. मनाला येईल तो बेसिस घेतलात तर सिद्ध करावं लागेल. तुमचा बेसिस कोणता ते पोस्टमध्ये नाही. आधी ते तपासा.

माझी गोष्ट इथे संपली असती तर दोन आठवड्यांत पेपर सुधारून दिला असता. पण माझं समीकरण डिजनरेट होतं, म्हणजे काही ठिकाणी त्यातली काळाची टर्म नाहीशी होते. जमिनीत पाणी मुरण्याचं रिचर्ड्सचं समीकरण, १९३१ चं. त्यात टाइम डेरिव्हेटिव्ह पाण्याच्या प्रमाणावर असते, आणि अज्ञात असतो दाब. म्हणजे डेरिव्हेटिव्ह यू ची नाही, बी(यू) ची. माती कोरडी असताना दाब बदलला की पाण्याचं प्रमाण बदलतं. पण मातीची सगळी छिद्रं भरली की बी सपाट होतो. मग दाब कितीही वरखाली होवो, पाण्याचं प्रमाण तेवढंच. तिथे बी(यू) ची टाइम डेरिव्हेटिव्ह शून्य, आणि यू बद्दल काळाची माहितीही शून्य. साइन एन-टी पुन्हा आत शिरायला दार उघडंच.

आल्ट आणि लुकहाउस यांचा १९८३ चा लेख अशा समीकरणांसाठी आहे. टी आणि टी अधिक एच या क्षणांमधला बी(यू) चा फरक गुणिले यू चा फरक, त्याचं इंटिग्रल एच च्या पटीत राहतं, एवढं समीकरण देतं. त्यावरून बी(यू-एन) चं स्ट्राँग कन्व्हर्जन्स मिळतं. यू-एन चं मिळत नाही. माझ्या समीकरणात मुळं पाणी शोषून घेतात ती टर्म होती, ती मी दाबावर ठेवली होती, आणि ती मोनोटोनही (एकाच दिशेने वाढणारी) नव्हती, म्हणजे मिंटीची युक्तीही (मोनोटोन टर्ममध्ये वीक कन्व्हर्जन्सवरच भागवण्याची) बंद. पाच महिने मी ती वाचवण्यात घालवले. शेवटी ती टर्म पाण्याच्या प्रमाणावर अवलंबून आहे असं गृहीत धरलं, प्रमेय आधीपेक्षा कमकुवत झालं, आणि सिद्धता तीन पानांत बसली. माझं मत विचाराल तर कमकुवत पण खरं प्रमेय आधी लिहून टाकावं. मोठ्या प्रमेयामागे लागायचं असेल तर पदवी हातात आल्यावर लागावं. हे सगळ्यांना पटत नाही, माझ्या नवऱ्यालाही पटलं नव्हतं, तोही गणितातलाच आहे.

चूक निघाली म्हणून खचू नका. हार्नाक असमानता (धन उत्तराच्या सर्वात मोठ्या किमतीला सर्वात लहान किमतीने बांधणारी) मोझर या गणितज्ञाने १९६१ मध्ये इलिप्टिकसाठी दिली आणि १९६४ मध्ये पॅराबोलिकसाठी. त्या १९६४ च्या लेखातल्या मुख्य लेमाच्या सिद्धतेत चूक निघाली. त्याने १९६७ मध्ये दुरुस्ती छापली, आणि १९७१ मध्ये तो लेमाच टाळणारी सोपी सिद्धता दिली. अडचण तिथेही काळाचीच होती. पॅराबोलिकमध्ये आधीच्या आणि नंतरच्या काळाच्या तुकड्यांमध्ये अंतर ठेवावं लागतं, इलिप्टिकमध्ये नुसता एक गोल पुरतो. एवढ्या मोठ्या माणसाने उघडपणे दुरुस्ती छापली. आपण एक ओळ झाकायला का बघावं?

आता ऑफिसबद्दल, कारण दोन वर्षांतला निम्मा वेळ तिथे गेला. प्रमेय बदललं म्हणून प्रबंधाच्या शीर्षकात "डिजनरेट" हा शब्द घालायचा होता. एक शब्द. आमच्या विद्यापीठाच्या संबंधित विभागाने सांगितलं, शीर्षक बदललं म्हणजे विषय बदलला, समितीची बैठक हवी. बैठक पुढे ढकलली गेली. मग कोरम नाही. मग फाइल सापडेना. तिसऱ्या खेपेला टेबलावरच्या मॅडमनी माझ्यासमोर कपाट उघडलं, तर माझा अर्ज दुसऱ्याच विषयाच्या गठ्ठ्यात, लाल नाडीखाली. आठ महिने. फेलोशिपची मुदत त्यातच संपली, पुढचं सगळं क्लासेस घेऊन निभावलं. आजही आठवलं की पोटात कालवतं. तेव्हा शीर्षक पहिल्यापासून मोघम ठेवा, "काही पॅराबोलिक समीकरणांविषयी" असं, आणि प्रत्येक अर्जाची आवक क्रमांकासह पोच घ्या. आणखी एक: प्रबंध देण्यापूर्वी पेपर छापून आलाच पाहिजे, ही सक्ती यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र वेगळा असू शकतो, तो लेखी मागून घ्या, तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नका.

गाइडचं काय करायचं, हे नाजूक आहे. तुमचे गाइड कसे आहेत मला माहीत नाही. मी माझ्या गाइडना चूक बोलून दाखवली नाही, साइन एन-टी एका कागदावर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "सर, यावर चौथी पायरी लागत नाहीये, कुठे चुकतेय बघता का?" दुसऱ्या दिवशी त्यांचा स्वतःहून फोन आला. हाच मार्ग घ्या.

रेफरीला उत्तर देताना "हे स्पष्ट आहे" असले शब्द नकोत. त्याने प्रश्न विचारलाय म्हणजे तो मनापासून वाचतोय, असा रेफरी नशिबाने मिळतो. संपादकांना लिहा की पायरीत त्रुटी आहे, दुरुस्त करतोय, तीन महिने द्या. बहुतेक देतात. शक्य झालं तर बंगळुरूच्या टीआयएफआरच्या सेंटर फॉर ॲप्लिकेबल मॅथेमॅटिक्सला थोड्या दिवसांच्या भेटीसाठी विचारून बघा, पीडीईच्या (अशाच आंशिक डेरिव्हेटिव्हच्या समीकरणांच्या) कामासाठी आपल्याकडे नावाजलेली जागा आहे. निदान कुठल्या तरी सेमिनारमध्ये चौथी पायरी फळ्यावर लिहून दाखवा. कागदावर जे निसटतं ते खडू हातात असताना अडतं.

आणि इथे एवढं कळवा: तुमच्या समीकरणात टाइम डेरिव्हेटिव्ह थेट यू ची आहे की बी(यू) ची? नॉनलिनियर टर्ममध्ये ग्रेडियंट आहे का? ग्रेडियंट असेल तर वरचं सगळं पुरणार नाही, कारण तेव्हा ग्रेडियंटचंच स्ट्राँग कन्व्हर्जन्स लागेल आणि ऑबाँ-लिओंस ते देत नाही. त्याबद्दल मग वेगळं लिहीन, रविवारी वेळ आहे.