चौकडी सरळ राहायला हवी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (फोंडा) : धालोच्या (गोव्यातल्या बायकांच्या लोकनृत्याच्या) ॲनिमेशनसाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पात्राला कुणबी साडी नेसवते आहे. शरीराची प्रत काढून थोडी फुगवली आणि तिच्यावर लाल-पांढरी चौकडी चढवली. ती कमरेपाशी ताणते, छातीवर वाकडी होते. क्लॉथ, म्हणजे कापडाच्या हालचालीचं सिम्युलेशन, लावलं की कापड मांड्यांत घुसतं. काय चुकतंय?

उत्तर : चूक बेतण्यातच आहे. फुगवलेली प्रत म्हणजे अंगावर रंगवलेलं कापड. साडी तर सपाट असते. एकरंगी साडीत हे खपलं असतं, चौकडी मात्र लगेच चुगली करते.

५.५ मीटर लांब, १.१ मीटर रुंद ग्रिड (चौकोनांची सपाट जाळी) घ्या. २ सेंटिमीटरचे चौकोन पाडले की २७५ गुणिले ५५, म्हणजे १५,१२५ होतात. ग्रिड लांब बाजूवर उभी करून रोटेशन आणि स्केल अप्लाय, म्हणजे पक्कं, करा. चौकडी आत्ताच, कापड सपाट असतानाच बसवा. ग्रिडला आपोआप मिळणारा यूव्ही, म्हणजे चित्र कापडावर कुठे बसेल याचा नकाशा, चौरस असतो, त्यामुळे इथे चौकडीचं प्रत्येक घर पाचपट लांबट दिसतं, अगदी विटेसारखं. मॅपिंगमध्ये लांबीच्या दिशेला ५ पट पुनरावृत्ती द्या. एका चौकोनात एक घर बसलं, की पुढे कापड कुठे ताणलं ते नुसत्या नजरेला कळतं.

आता कमरेभोवती, अंगापासून १ सेंटिमीटर सोडून, कर्व्ह (वक्ररेषा) काढा. दुसरा वेढा पहिल्याच्या बाहेरून जाऊ द्या, निऱ्यांच्या जागी कर्व्ह नागमोडी करा. कर्व्ह मॉडिफायरने ग्रिड त्यावर वळवा आणि अप्लाय करा. कमरेची ओळ पिन ग्रुपमध्ये, म्हणजे जागच्या जागी धरून ठेवलेल्या बिंदूंत, ठेवा. पदराचं टोकही पिन करून हुकने (बिंदू ओढून नेणाऱ्या मॉडिफायरने) ४० फ्रेममध्ये खांद्यावर न्या, आणखी २० फ्रेम कापड बसू द्या.

खांद्यावरची गाठ सिम्युलेशनने बांधायला जाऊ नका. तिथले थर एकमेकांना ढकलतात आणि कापड उसळतं. गाठ वेगळी घडवा, पदराचं टोक तिच्या आत लपवा.

घुसण्याचं कारण बहुधा मांड्याच. त्या एकमेकींना चिकटल्या असतील, तर मधल्या कापडाला दोन्हीकडून रेटा बसतो आणि जायला जागाच नसते. पाय फाकवलेल्या पवित्र्यातून सुरुवात करा, ३० फ्रेममध्ये हव्या त्या पवित्र्यात या. शरीराला कोलिजन, म्हणजे कापडाला अडवणारी टक्कर, हवंच. त्याची बाहेरची जाडी मुळात ०.०२, म्हणजे २ सेंटिमीटर असते, ती ०.००३ करा. साडीची क्वालिटी (दर फ्रेमला होणाऱ्या गणिताच्या पायऱ्या) ५ वरून १० वर न्या. सेल्फ कोलिजनचं, म्हणजे कापडाने स्वतःलाच अडवण्याचं, अंतर ०.००५ ठेवा. ते चौकोनाच्या मापाजवळ गेलं, की शेजारचे बिंदू एकमेकांना हटवू लागतात आणि साडी थरथरते. बदल केल्यावर जुना कॅशे (साठवलेलं सिम्युलेशन) पुसायला विसरू नका.

प्रश्न (मडगाव) : गेममधल्या पात्राचं कोपर शर्टातून बाहेर येतं.

उत्तर : इथे सिम्युलेशन नको. शरीराचे वेट्स, म्हणजे कोणतं हाड कोणत्या भागाला किती हलवतं ते आकडे, डेटा ट्रान्सफर मॉडिफायरने शर्टवर उतरवा. कोपरापाशी शरीर आणि बाही दोन्हींना ३-३ एज लूप (हाताभोवती फिरणाऱ्या कडांची वर्तुळं) एकाच जागी द्या, नाहीतर दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी दुमडतात. मग शर्टाखालचं शरीर काढून टाका. कॉलर आणि बाहीच्या तोंडाशी तेवढं ३ सेंटिमीटर आत राहू द्या.