१४ फेब्रुवारी: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

१३ तारखेला संध्याकाळी जांभळी नाक्यावरून गुलाब आणते, रात्रभर पाण्यात ठेवते. सकाळी पाकळ्या ताज्या, पण माना खाली. असं का होतं?
– वाचक, नौपाडा

भांड्यात पाणी असलं तरी ते फुलापर्यंत पोचत नाही. मावळातल्या पॉलिहाऊसमधून निघालेलं फूल तुमच्या हाती येईपर्यंत दांड्याचं कापलेलं तोंड सुकतं आणि आत हवा शिरते. ती हवा पाण्याची वाट अडवते. कळीखालचा भाग सगळ्यात कोवळा, म्हणून आधी तोच वाकतो.

घरी आल्या आल्या बादलीत पाणी घ्या. दांड्याचं टोक पाण्याखाली धरून धारदार सुरीने एक-दीड इंच तिरकं कापा. बोथट कात्रीने दांडा चेपतो. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, ती कुजली की जिवाणू वाढून दांडा पुन्हा तुंबतो. १ लिटर पाण्याला १ चहाचा चमचा साखर आणि पाव चमचा कपड्यांचं साधं ब्लीच पुरे. नुसती साखर नको, ती जिवाणूंच्याच कामी येते. ब्लीच घातलं असेल तर लिंबू किंवा व्हिनेगर अजिबात घालू नका, आणि ब्लीचऐवजी टॉयलेट क्लीनर तर नाहीच नाही. पाणी एक दिवसाआड बदला. फुलदाणी पंख्याखाली किंवा पिकल्या केळ्यांशेजारी ठेवू नका.

मान वाकलीच, तर फुलं वर्तमानपत्रात सरळ गुंडाळा, दांडे पुन्हा कापा आणि कोमट पाण्यात गळ्यापर्यंत तास-दोन तास उभे ठेवा. बरीचशी सावरतात. घेतानाच कळीचा तळ दोन बोटांत हलकेच दाबून पाहा. घट्ट लागला तर फूल ताजं, मऊ लागला तर शिळं. बाहेरच्या एक-दोन काळवंडलेल्या पाकळ्यांची काळजी नको, त्या ओढून काढल्या तरी चालतं.

नवऱ्यासाठी घरी चॉकलेटं केली. पहिल्या खेपेला वितळवतानाच गोळा झाला. दुसरी खेप जमली, पण दोन दिवसांत तिच्यावर पांढरे डाग आले.
– वाचक, ऐरोली

गोळा पाण्यामुळे झाला. चार थेंब वाफही पुरते, कारण चॉकलेटातली साखर ते पाणी धरते आणि चिकटून बसते. खालच्या पातेल्यात दोन बोटं पाणी ठेवा, उकळी आली की गॅस बंद करा. वरचं भांडं पातेल्याच्या तोंडावर नीट बसणारं हवं आणि त्याचा तळ पाण्याला टेकायला नको. चमचा कोरडा हवा. झालेला गोळा फेकू नका. १०० ग्रॅमला ५० मिली गरम क्रीम थोडं थोडं घालून घोटलंत, तर छान गनाश, म्हणजे चॉकलेट-क्रीमचं मऊ मिश्रण होतं.

पांढऱ्या डागांवर बोट फिरवून पाहा. तुपकट लागून पुसले गेले, तर कोको बटर वर आलंय, म्हणजे टेम्परिंग (चॉकलेट ठरावीक तापमानाला वितळवून निववणं) चुकलं. खरखरीत लागले, तर फ्रिजमधला ओलावा बसून साखर वर आली आहे.

टेम्परिंगसाठी २०० ग्रॅम डार्क चॉकलेट घ्या. त्यातलं दोन-तृतीयांश ४५ ते ५० अंश सेल्सिअसला वितळवा, उरलेलं बारीक चिरून त्यात घाला आणि ३१-३२ अंशांवर येईपर्यंत ढवळत राहा. चमच्याच्या पाठीवर थेंब लावा. पाच मिनिटांत चकचकीत होऊन घट्ट झाला तर साचे भरा. थर्मामीटर नसेल, तर सरळ कंपाउंड (कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी घातलेलं चॉकलेट) घ्या, त्याला हे काहीच लागत नाही. चव थोडी उणी, पण फसत नाही. फ्रिजमधून काढल्यावर हवाबंद डबा लगेच उघडू नका. अर्धा तास बाहेर राहू द्या, नाहीतर आपल्याकडच्या दमट हवेत चॉकलेटांना घाम फुटतो.

वय ३४, एकटी आहे. त्या दिवशी घरात बसून राहायचं नाही, पण जोडप्यांच्या गर्दीतही जायचं नाही. काही सुचवाल?
– वाचक, नेरूळ

तुमच्या दाराशीच फ्लेमिंगो आले आहेत! नोव्हेंबरच्या सुमारास ते ठाण्याच्या खाडीत येतात आणि मेपर्यंत राहतात. २०१५ पासून इथे त्यांचं अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला.

सीवूड्सजवळ टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवर जा, पण भरती बघून. ओहोटीला पक्षी लांब चिखलावर चरत असतात. भरतीने चिखल बुडाला की आतल्या उथळ पाण्यात येतात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून १४ तारखेचीच वेळ काढा आणि तासभर आधी पोचा. सकाळची भरती मिळाली तर उत्तम. खाडी पश्चिमेला आहे, ऊन पाठीशी राहतं आणि गुलाबी रंग खरा दिसतो. संध्याकाळी नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. दुर्बीण ८ × ४२ ची पुरते. चोच गडद लाल-काळी दिसली तर छोटा फ्लेमिंगो, फिकट गुलाबी आणि फक्त टोकाला काळी असेल तर मोठा. जोड्या जमण्याआधी ते थव्याने नाचतात, माना ताठ करून डावी-उजवीकडे झटकतात. दिसलं तर बघतच राहाल. फक्त बांधावरच थांबा. जवळ गेलात तर अख्खा थवा उठतो आणि त्यांचं खाणं मोडतं.

वन बीएचकेमध्ये सासू-सासरे आणि दोन मुलं. आम्हा दोघांना वेळ कुठून मिळणार?
– वाचक, कळवा

रात्रीचा हट्ट सोडा. त्या रात्री बऱ्याच हॉटेलांत ठरावीक महाग मेनू असतो आणि रांग वेगळीच. मुलं शाळेत गेली की सकाळी उपवन तलावाला एक फेरी आणि नाश्ता, बस्स. १४ ला सुट्टी आली, तर १३ किंवा १६ धरा. आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, ‘आई, आज आम्ही दोघं दोन तास बाहेर जाऊन येतो.’ कारण शोधत बसू नका, त्यांना कळतं.