ग्वाटेमालाच्या खेड्यात यजमान कुटुंबाकडे महिनाभर राहायचं आहे. शाकाहारी मुलीचं जेवणाचं निभेल का?

निभेल, पण घरात पाऊल टाकण्याआधी कळवायला हवं. विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून मी तिथल्या डोंगराळ भागात अशाच घरी राहिले आहे. रोजचं जेवण म्हणजे काळा घेवडा आणि मक्याच्या तोर्तिया, वर कधी अंडं, कधी भात. तोर्तियात मका, चुना आणि पाणी एवढंच असतं. आपल्या भाकरीसारखी ती तिन्ही त्रिकाळ असते, त्यामुळे उपाशी राहायची वेळ येत नाही.

अडचण लपलेल्या गोष्टींची. परतलेल्या घेवड्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, सुपाला कोंबडीचं पाणी असतं आणि सणाच्या तमालमध्ये (मक्याचं पीठ पानात गुंडाळून वाफवलेला पदार्थ) दोन्ही असू शकतं. ‘मी मांस खात नाही’ एवढ्यावर कोंबडी वगळली जाईलच असं नाही. म्हणून कोंबडी, मासे, सूप, चरबी अशी नावं घेऊन स्पॅनिशमध्ये लिहून द्या, आणि तेही राहण्याची सोय करणाऱ्या संस्थेमार्फत, घर ठरायच्या आधी. ऐनवेळी ताट नाकारलं तर यजमानीणबाईंना वाईट वाटतं, आणि ते साहजिकच आहे.

मात्र कांदा-लसूणही चालत नसेल, तर हा कार्यक्रम घेऊ नका.