तीन दिवस एकट्याने फिरायचंय, बजेट कमी आहे. ठिकाण कसं निवडावं?

घरून ५-६ तासांत, शक्यतो गाडी न बदलता पोहोचता येईल आणि उतरल्यावर बरंचसं पायीच बघून होईल, असं मध्यम आकाराचं शहर निवडा. एकट्याच्या खर्चाला वाटेकरी नसतो: खोलीचं भाडं बहुधा दोघांच्या हिशेबाचं, टॅक्सी तर पूर्ण आपल्याच खिशातून. त्यामुळे नुसत्या स्वस्त तिकिटावर भाळू नका. ३-४ ठिकाणं घेऊन प्रत्येकाची जाणं-येणं, २ रात्री आणि तिथली रोजची ये-जा अशी बेरीज मांडा. मग नकाशावर स्टेशन, मुक्काम आणि बघायच्या जागा २-३ किलोमीटरच्या आत बसतात का ते तपासा. निसर्गरम्य ठिकाणं नेमकी इथे फसवतात. शेवटची बस संध्याकाळी लवकर सुटते आणि परतायला अख्खी गाडी करावी लागते. मुक्कामाला डॉर्मिटरीतली खाट मिळाली तर उत्तम, पण सामानाला कुलूपबंद कपाट आहे का ते आधी विचारा. डोंगर किंवा समुद्रच हवा असेल तर हंगाम आणि शनिवार-रविवार टाळून जा, मात्र त्या दिवसांत बोटी, खाणावळी चालू असतात ना, हे फोन करून पक्कं करा.