ग्रामर कच्चं नाही, पाच-सहा चुका पक्क्या आहेत

"मॅडम, माझं ग्रामर फार कच्चं आहे." समुपदेशनाला येणाऱ्या नोकरदारांकडून हे वाक्य मी सतत ऐकते. खरं तर ते येतात दुसऱ्याच तक्रारी घेऊन. मीटिंगच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, फोन वाजला की पोटात गोळा येतो, बढती नको वाटते. बोलता बोलता विषय इंग्रजीवर येतो आणि मग खरी गाठ सापडते. बहुतेकांचं शिक्षण मराठी माध्यमातलं असतं. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या मुलांची एबीसीडीशी ओळख व्हायची पाचवीत. आज चाळिशीत असलेल्या माणसांनी दहा-अकरा वर्षांचं झाल्यावर जी भाषा हातात घेतली, तिच्यावर आता त्यांची बढती अडते. अशा वेळी भीती वाटण्यात नवल काहीच नाही.

अशाच एका बाईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे त्यांना मी ताई म्हणते.

ताई नाशिकजवळच्या एका कारखान्यात परचेसला आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकल्या, पुढे बी.कॉम. केलं. कामात चोख. कोणत्या व्हेंडरचा माल कुठे अडकतो आणि कोणाला कधी फोन केला की गाडी सुटते, हे त्यांना तोंडपाठ. साहेबांनी असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी त्यांचं नाव सुचवलं आणि त्यांची झोप उडाली. त्या जागेवर दर सोमवारी चेन्नई आणि गुरुग्रामच्या लोकांशी कॉल असतो आणि सगळं बोलणं इंग्रजीत चालतं. पूर्वी अशाच एका कॉलवर त्यांच्या वाक्याला कुणीतरी हसलं होतं. शिवाय घरी सातवीतला, इंग्रजी माध्यमात शिकणारा मुलगा पाहुण्यांसमोर म्हणाला होता, "आई, ही डोन्ट नाही गं, ही डझन्ट." कॉलचा प्रसंग त्यांनी कोरड्या डोळ्यांनी सांगितला. मुलाचा सांगताना मात्र त्यांना रडू आवरलं नाही.

भीतीवर त्यांनी आपल्या परीने उपाय केले होते. ग्रामरचं जाडजूड पुस्तक आणून बाराही टेन्सचा तक्ता पाठ केला. चार ओळींची मेल लिहायची, पुन्हा पुन्हा वाचायची, ॲपमध्ये टाकायची, मग शेजारच्या टेबलावरच्या मुलीला दाखवायची आणि तरीही पाठवताना हात थरथरायचा. कॉलवर बोलायची वेळ आली की नेटवर्क नाही म्हणून सांगायचं. शेवटी ठरवून आल्या होत्या की ती जागा घ्यायचीच नाही. "नाही म्हणायचं ठरवलं आणि कालपासून इतकं हलकं वाटतंय," त्या म्हणाल्या.

हे हलकं वाटणं आम्हा समुपदेशकांच्या चांगलं ओळखीचं आहे. टाळलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं, म्हणून माणूस पुन्हा टाळतो, आणि प्रत्येक वेळी भीती थोडी थोडी वाढत जाते. पण "घाबरू नका, बिनधास्त बोला" असा सल्ला देऊन इथे भागलं नसतं. ताईंच्या वाक्यांत चुका होत्या आणि त्यांना ते माहीत होतं. खोटा धीर त्यांनी लगेच ओळखला असता. म्हणून भीतीचं आणि व्याकरणाचं काम आम्ही जोडीने हातात घेतलं.

पुढच्या भेटीला येताना, गेल्या महिन्यात पाठवलेल्या मेलचे प्रिंट काढून आणायला सांगितले. मी त्यावर एकही खूण केली नाही. पेन्सिल त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "दुसऱ्या कोणाची तरी मेल आहे असं समजा आणि चुका शोधा." त्यातली एक मेल अशी होती:

"रिस्पेक्टेड सर, आय ॲम फॉलोइंग अप सिन्स फोर डेज. ऑलदो व्हेंडर प्रॉमिस्ड, बट मटेरियल डिड नॉट केम. आय डोन्ट नो व्हेन विल ही डिस्पॅच. वी शुड डिस्कस अबाउट धिस."

"डिड नॉट केम"वर पेन्सिल लगेच थांबली. "अगं बाई, इथे कम हवं!" बाकीची मेल त्यांनी दोनदा वाचली, पण त्यांना आणखी काही खटकलं नाही. इतर मेलमध्येही हेच झालं. काही चुका बघताक्षणी सापडल्या, काही समोर असून दिसल्या नाहीत.

हा फरक फार कामाचा आहे. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ साली शिकणाऱ्यांच्या चुकांवर एक महत्त्वाचा लेख लिहिला. त्यात त्याने दोन प्रकार वेगळे केले. घाईत, थकव्यात, घाबरल्यामुळे होते ती चूक, जी नियम माहीत असल्यामुळे माणूस स्वतः दुरुस्त करू शकतो. आणि नियमच अजून बसलेला नाही म्हणून होते ती चूक, जी कितीही वेळा वाचलं तरी दिसत नाही. पहिल्या प्रकाराला पुस्तकाची गरज नसते, तिथे वेळ आणि शांतपणा लागतो. दुसऱ्या प्रकाराला शिकवणी लागते, पण तेवढ्याच नियमापुरती. ताई मात्र दोन्हींसाठी अख्खं पुस्तक पहिल्या पानापासून पाठ करत बसल्या होत्या.

न दिसलेल्या चुका आम्ही एकेक करून घेतल्या. त्यांच्या मागे बहुतेक ठिकाणी मराठीच उभी होती. आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'चार दिवसांपासून'ही म्हणतो, आपल्याला एकच 'पासून' पुरतो. इंग्रजीत कधी सुरू झालं ते सांगायचं तर 'सिन्स मंडे' आणि किती काळ चाललंय ते सांगायचं तर 'फॉर फोर डेज'. शिवाय 'करते आहे' मधला 'आहे' थेट 'ॲम' होऊन उतरतो. तेव्हापासून आत्तापर्यंत चालू असलेल्या कामाला तिथे 'हॅव बीन' लागतं. आपलं 'जरी' आलं की मागोमाग 'तरी' येतंच, म्हणून 'ऑलदो'च्या मागे 'बट' आपसूक येऊन बसतं. इंग्रजीला दोघांपैकी एकच चालतं. 'तो माल कधी पाठवेल?' आणि 'तो माल कधी पाठवेल माहीत नाही' यात आपल्या शब्दांचा क्रम जराही हलत नाही. इंग्रजीत मात्र प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की सरळ होतो, 'व्हेन ही विल डिस्पॅच इट'. 'डिस्कस'मध्ये 'विषयी' आधीच आहे, त्याला 'अबाउट' लावायचं नाही.

त्यांना सापडलेल्या 'केम'चंही तेच आहे. 'माल आला नाही' म्हणताना आपला भूतकाळ 'आला'मध्येच राहतो आणि 'नाही' मागून येतं. इंग्रजीत 'डिड' आलं की भूतकाळ त्यानेच उचलला, मागे साधं 'कम' उरतं.

सगळ्यात चिवट गोष्ट म्हणजे आर्टिकल. मराठीत ती नाहीतच, त्यामुळे गाळली तरी आपल्या कानाला काही गाळलंय असं वाटत नाही. इथे मी एकच कामचलाऊ नियम देते. मोजता येणारी एक वस्तू किंवा एक माणूस इंग्रजी वाक्यात सहसा उघडा सोडत नाहीत. पहिल्यांदाच उल्लेख असेल तर 'अ' किंवा 'ॲन', आणि कोणता ते समोरच्याला ठाऊक असेल तर 'द'. या मेलमधला व्हेंडर आणि त्याचा माल साहेबांना माहीत होता, म्हणून 'द व्हेंडर', 'द मटेरियल'. अपवाद पुष्कळ आहेत, पण कामाच्या मेलमध्ये एवढ्यावर बरंच निभावतं.

दुरुस्त केलेली मेल ताईंनी मोठ्याने वाचली: "आय हॅव बीन फॉलोइंग अप फॉर फोर डेज. ऑलदो द व्हेंडर प्रॉमिस्ड, द मटेरियल डिड नॉट कम. आय डोन्ट नो व्हेन ही विल डिस्पॅच इट. वी शुड डिस्कस धिस." मग बाकीचे प्रिंट पुन्हा चाळले. खुणा भरपूर होत्या, पण त्याच पाच-सहा चुका फिरून फिरून येत होत्या. "एवढंच?" त्यांनी विचारलं. माझ्या मते त्यांच्या भीतीला पहिला तडा इथे गेला. 'माझं इंग्रजी वाईट आहे' या ओझ्याचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. 'मी सिन्स आणि फॉर यांत गल्लत करते' यावर आजपासून काम करता येतं.

पुढे पद्धत अशी ठरली. मेल लिहायची आणि थोडा वेळ ड्राफ्टमध्ये ठेवायची. मग एका वाचनात एकच चूक शोधायची. आधी फक्त क्रियापदांखाली रेघ, मग फक्त नामांवर बोट ठेवून आर्टिकल. सगळं एकदम शोधायला गेलं की डोळा अर्थावरून घसरत जातो आणि काहीच सापडत नाही. ॲप वापरायचं ते सगळ्यात शेवटी. ॲप वाईट असतं असं नाही, पण त्याने आधीच दुरुस्त करून दिलं की आपली चूक कोणती होती हे बघायचंच राहून जातं. दोन वाचनं झाली की मेल पाठवायची, तिसरं वाचन नाही. हे शेवटचं कलम व्याकरणासाठी नव्हतं, भीतीसाठी होतं.

बोलण्याचं गणित वेगळं. स्टीफन क्रॅशन या अभ्यासकाचं म्हणणं आहे की शिकलेला नियम वापरायला वेळ लागतो आणि लक्ष अर्थावरून काढून रूपावर न्यावं लागतं. कॉलवर यातलं काहीच हाताशी नसतं. प्रत्येक वाक्य मनात तपासत बसणारा माणूस अडखळतो आणि गप्प होतो. म्हणून बोलताना नियम आठवायचेच नाहीत असं ठरवलं. चूक लक्षात आली आणि सहज दुरुस्त करता आली तर करायची, नाहीतर पुढे जायचं.

सुरुवात छोटी ठेवली. पहिल्या सोमवारी एकच वाक्य, तेही लिहून ठेवलेलं, आपल्या मालाच्या स्टेटसचं. कॉलच्या आधी कागदावर लिहायचं, काय होईल असं वाटतंय. त्यांनी लिहिलं, "हसतील. साहेबांना वाटेल चुकीच्या बाईचं नाव दिलं." कॉल झाल्यावर शेजारी लिहायचं, खरंच काय झालं. तिथे लिहिलेलं होतं, "चेन्नईच्या सरांनी ट्रक नंबर विचारला." पुढच्या आठवड्यांत वाक्यं वाढवली, मग लिहून ठेवणं बंद केलं. एका सोमवारी एकजण खरोखरच त्यांच्या उच्चारावर काहीतरी बोलला. ताईंना वाईट वाटलं, त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण पुढच्या कॉलला त्या होत्या. एवढं झालं की मी निश्चिंत होते.

मुलाचं राहिलं. ताईंना मी सांगितलं की 'ही', 'शी'च्या मागे क्रियापदाला लागणारा तो एस नियम म्हणून सोपा, पण तोंडात बसायला फार उशीर लावतो. इंग्रजी मातृभाषा असलेली मुलंही इतर काही प्रत्ययांच्या मानाने तो उशिरा पकडतात, आणि मोठेपणी इंग्रजी शिकणाऱ्यांची तर तो वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. 'डोन्ट'चं 'डझन्ट' होतं ते त्याच एसमुळे. ताईंनी हे घरी मुलाला सांगितलं आणि एक करार केला: चुका सांगायच्या, पण रात्री जेवणानंतर, दोघंच असताना. पाहुण्यांसमोर नाही. बदल्यात त्या त्याच्या मराठीच्या वहीतले ऱ्हस्व-दीर्घ तपासतात.

ताईंनी ती जागा घेतली. आर्टिकल अजून गळतात, 'सिन्स'ची गल्लत मात्र जवळपास गेली.

ज्यांना हे आपलंच वाटलं, त्यांनी आधी स्वतःच्या दहा-बारा मेल काढाव्यात, पेन्सिल घ्यावी आणि स्वतःला सापडणाऱ्या आणि न सापडणाऱ्या चुका वेगळ्या कराव्यात. न सापडणाऱ्यांसाठी इंग्रजी चांगलं असलेल्या एखाद्या विश्वासाच्या माणसाला एकदा बसवावं. पण बोलायच्या विचारानेच छाती धडधडत असेल, झोप आणि जेवण बिघडलं असेल, कामावर जाणंच टाळावंसं वाटत असेल, तर व्याकरण बाजूला ठेवून आधी त्याबद्दल कुणाशी तरी बोला. जवळ समुपदेशक नसेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे. क्रमांक १४४१६, आणि तिथे मराठीत बोलता येतं.