अमेरिकेत काउंटीतलं (म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या भागातलं) कृषी विस्तार कार्यालय कोणत्या कायद्याखाली चालतं?

मुळात १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याखाली. केंद्राचं अनुदान राज्याच्या लँड-ग्रँट विद्यापीठाला (केंद्राने दिलेल्या जमिनीच्या आधारावर शेतीसारखे विषय शिकवायला उभं राहिलेलं विद्यापीठ) मिळतं, त्यात राज्यालाही आपला वाटा घालावा लागतो आणि त्यातून काउंटीत विस्तार शिक्षक बसतो. कायद्याचं कलम २ मुद्दाम वाचा: हे शिक्षण कॉलेजात न जाणाऱ्यांसाठी आहे आणि ते प्रात्यक्षिकांसह द्यायचं, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे बांधावर जाऊन शिकवणं हा मेहेरबानीचा भाग नाही, तोच त्या पैशाचा उद्देश आहे. मात्र काउंटीचा हिस्सा राज्याच्या कायद्यावर ठरतो. उदाहरणार्थ, विस्कॉन्सिन राज्याच्या कायद्यातलं कलम ५९.५६(३) काउंटी बोर्डाला असा कार्यक्रम चालवायची मुभा देतं, सक्ती करत नाही. त्यामुळे आपल्या राज्याचा कायदा आधी बघा.